दुनळी रायफल

दुनळी रायफल ही दोन नळ्या शेजारी-शेजारी (क्वचित एकीवर एक) जोडलेली, बिजागरीवर मोडून काडतुसे भरण्याची शिकारी रायफल आहे. नळ्यांच्या आत पेचदार खाचा असल्यामुळे ती छऱ्यांच्या दुनळी बंदुकीहून वेगळी ठरते. पहिल्या गोळीपाठोपाठ दुसरी गोळी लगेच झाडता येणे हा तिचा मुख्य गुण होय. मात्र मोठ्या व्यासाच्या काडतुसाचा धक्का सोसून नेम पुन्हा साधता आला, तरच या गुणाचा उपयोग होतो.

इतिहास
एकोणिसाव्या शतकात हत्तीच्या शिकारीसाठी काळ्या दारूच्या ४ व ८ बोअरच्या अवजड बंदुका वापरल्या जात. १८९८ मध्ये जॉन रिग्बी या ब्रिटिश कंपनीने कॉर्डाइट या धूरविरहित दारूवर चालणारे ०.४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आणले. कमी व्यासाची, परंतु वेगवान गोळी त्यामुळे शक्य झाली. बंडखोरांच्या हाती दारूगोळा पडेल या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास भारत व सुदानमध्ये ०.४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी घातली. त्यामुळे ०.४६५, ०.४७० यांसारख्या पर्यायी काडतुसांचा प्रसार झाला.

रचना
प्रत्येक नळीला स्वतंत्र चाप असतो. सामान्यतः पुढच्या चापाने उजवी, तर मागच्या चापाने डावी नळी उडते. नळ्या एकमेकींना समांतर नसून तोंडाकडे किंचित जवळ आलेल्या असतात. उजवी नळी उडताना गोळी बाहेर पडण्यापूर्वीच रायफल वर व उजवीकडे वळू लागते. डाव्या नळीच्या बाबतीत ती डावीकडे वळते. हे वळण हिशेबात घेऊन कारागीर प्रत्यक्ष गोळ्या झाडून नळ्यांची जुळणी करतो. धक्का हा अशा प्रकारे रायफलीच्या अचूकतेचाच भाग असतो. ठरलेल्यापेक्षा मंद काडतूस वापरल्यास दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकमेकींपासून दूर पडतात, तर अधिक वेगवान काडतुसाने त्या एकमेकींना ओलांडतात.

धक्क्याचे स्वरूप
०.४७० नायट्रो एक्सप्रेसची सुमारे ३२ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने सुटते. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार, केवळ गोळीमुळेच ५ किलोग्रॅमच्या रायफलीला सेकंदाला ४ मीटरहून अधिक वेग उलट दिशेने मिळतो. तोंडातून बाहेर पडणारे वायू त्यात भर घालतात. रायफल जड असल्यास धक्का कमी होतो. म्हणूनच ०.६०० नायट्रो एक्सप्रेसची रायफल ७ किलोग्रॅमच्या आसपास असते. परंतु एवढे वजन दिवसभर वाहणे कष्टाचे असते.

धक्का हाताळणे
उभे राहून, वजन पुढच्या पायावर ठेवून आणि शरीर किंचित पुढे झुकवून गोळी झाडतात. दस्ता गळपट्टीच्या हाडावर न टेकवता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवतात आणि गाल दस्त्याला लावून ठेवतात. पुढच्या हाताची पकड मजबूत असावी लागते, कारण नळ्यांची उसळी तोच हात रोखतो. धक्का अडवून न धरता कमरेवरील शरीर त्याच्याबरोबर मागे जाऊ देणे योग्य ठरते. पालथे झोपून झाडल्यास शरीराला मागे सरकण्यास वाव राहत नाही व खांद्याला इजा होऊ शकते. रायफल टेकवायची झाल्यास कठीण पृष्ठभाग व रायफल यांच्यामध्ये हात ठेवतात. अन्यथा तिचे वळण बदलून गोळ्या भलतीकडे जातात.

धक्क्याने बोट घसरून मागचा चाप दाबला गेल्यास किंवा आतील कळ सुटल्यास दोन्ही नळ्या जवळजवळ एकाच वेळी उडतात. हे टाळण्यासाठी सरावात एका वेळी एकच नळी भरतात. धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्यापूर्वीच अंग आखडणे हा नेम चुकवणारा मोठा दोष आहे. हलक्या काडतुसांपासून सुरुवात, मोजक्या गोळ्यांचा सराव, निकामी काडतुसांची मिसळ आणि कानांचे संरक्षण यांनी तो कमी होतो.

भारतातील वापर
संस्थानिक व ब्रिटिश अधिकारी यांच्यात या रायफली प्रचलित होत्या. जिम कॉर्बेट यांच्याकडे जेफ्री कंपनीची ०.४५०/४०० ची दुनळी रायफल होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे अशी शिकार भारतात बंद झाली.