स्कॉच अंड्याचें कूळ आणि वऱ्हाडचा विस्तव

राजघराण्यांप्रमाणें पक्वान्नांनाही वंशावळी जोडण्याची हौस फार जुनी आहे. एखादा पदार्थ जिभेला रुचला, कीं तो मूळचा कोणाचा हा प्रश्न निघतो. आणि उत्तर देणारा बहुधा पुराव्याकडे न पाहतां आपल्या अभिमानाकडे पाहतो. विलायती ‘स्कॉच अंडें’ हा असाच एक वादाचा विषय होय. उकडून सोललेल्या अंड्याला मसालेदार खिम्याचें जाड आवरण देऊन तें तळावयाचें, अथवा हल्लीं पुष्कळ घरीं करतात त्याप्रमाणें ओव्हनमध्यें भाजावयाचें, एवढीच याची कृति. ज्यांनीं नर्गिसी कोफ्ता खाल्ला आहे, त्यांना दोहोंचें साम्य सांगावयास नको. म्हणूनच इंग्रजांनीं हा पदार्थ हिंदुस्थानांतून उचलला, असें अनेक जण ठासून सांगतात. या विधानाला आधार किती, तें पाहूं.

प्रथम विलायतेंतील पुरावा घेऊं. लंडनची फॉर्टनम अँड मेसन ही पेढी सांगते, कीं प्रवाशांच्या सोयीसाठीं आपण १७३८ सालीं हा पदार्थ प्रथम तयार केला. परंतु दुकानदारानें स्वतःच्या दुकानाविषयीं दिलेली साक्ष एकटी पुरत नाहीं. मराया रंडेल या बाईंचें पाकशास्त्राचें पुस्तक १८०६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या १८०९ च्या आवृत्तींत स्कॉच अंड्यांची कृति छापलेली आहे. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं हीं अंडीं तळून तीं रश्शाबरोबर वाढावीं, असें बाई सांगतात. आज विलायतेंत हा पदार्थ थंडच खाण्याचा, सहलीच्या डब्यांतला, म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याचें हें जुनें रूप रश्शांत सोडलेल्या कोफ्त्याला अधिक जवळचें दिसतें. हिंदी मुळाचा पक्ष घेणारांचा हा सर्वांत बळकट मुद्दा होय.

आतां पूर्वेकडील बाजू पाहूं. ‘कोफ्ता’ हा शब्द कुटणें या अर्थाच्या फारसी धातूपासून आला आहे. नर्गिस हें फूल. त्याच्या पांढऱ्या पाकळ्यांमध्यें पिवळी वाटी असते, आणि चिरलेल्या अंड्यांतही तोच देखावा दिसतो. ही उपमा मोगलांच्या मुदपाकखान्यांतच जन्मली असें मात्र नव्हे. बगदाद येथें १२२६ सालीं लिहिलेल्या एका पाकग्रंथांत मांसावर अंडीं घालून केलेला ‘नर्जिसिया’ नांवाचा पदार्थ आहे. म्हणजे जी कल्पना पूर्वेस दिल्लीकडे आली, ती पश्चिमेस दुसऱ्या वाटेनें गेली नसेलच, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

येथें वऱ्हाडच्या माणसाला एक मोह पडण्यासारखा आहे. चांदूर बाजारच्या शेजारचें अचलपूर हें १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाहीचें राज्य होतें. पुढें मोगल आले, मग निजाम आला. मुसलमानी पाकविद्या या प्रांतांत शतकानुशतकें नांदली. अशा मुलखांत १८०३ च्या अखेरीस आर्थर वेलस्लीची फौज उतरली. २९ नोव्हेंबर रोजीं आडगांवची लढाई झाली आणि १५ डिसेंबर रोजीं गाविलगड पडला. या फौजेंत स्कॉच पलटणी होत्या. ९४ वी पलटण तर ‘स्कॉच ब्रिगेड’ याच नांवानें ओळखली जाई, आणि गाविलगडच्या आंतील तटाला शिड्या लावून प्रथम चढले ते तिचेच शिपाई. त्यानंतर सहाच वर्षांनीं लंडनांत ‘स्कॉच’ नांवाचीं अंडीं छापून निघतात! एवढें जुळल्यावर, स्कॉच शिपायानें अचलपुरास कोफ्ता खाल्ला व त्याची कृति घरीं नेली, अशी कथा रचावयास कितीसा उशीर?

परंतु ही कथा इतिहास नव्हे. तिच्यांतील प्रत्येक सुटा दुवा खरा आहे; खोटी आहे ती त्यांना ओवणारी दोरी. एखाद्या शिपायाचें पत्र, छावणीच्या खानावळीचा हिशेब, किंवा हिंदुस्थानचा उल्लेख करणारी जुनी कृति, यांपैकीं एक तरी हातीं असल्यावांचून ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळें’ असें म्हणतां येत नाहीं. खिमा आणि अंडीं हीं दोन्हीं जेथें आहेत, तेथें एकांत दुसरें गुंडाळण्याची बुद्धि दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें होणें मुळींच अशक्य नाहीं.

मग वऱ्हाडचा या पदार्थाशीं कांहींच संबंध नाहीं काय? संबंध आहे, पण तो विस्तवाचा. तळणीपेक्षां भाजणीला या भागांत जुना मान आहे. चांदूर बाजार तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, हिवाळ्यांत बहिरमची यात्रा भरते. मातीच्या हंडींत शिजलेलें मटण आणि गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजलेले रोडगे यांसाठीं ती प्रसिद्ध आहे. या दोन पाकक्रियांतील भेद समजला, कीं भाजलेल्या स्कॉच अंड्याचें मर्म समजतें. हंडींत वाफ कोंडते, म्हणून मांस मऊ होतें. पण तें खरपूस होत नाहीं. रोडग्याला चोहोंकडून कोरडी आंच लागते, म्हणून त्याचा पापुद्रा तांबूस होतो आणि आंतला भाग ओलसर राहतो. अंड्यावरील खिम्याला हीच दुसरी आंच पाहिजे. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरीं भानोलें करतांना वर-खालीं निखारे ठेवीत. त्यांतील तत्त्वही हेंच.

घरीं करणारांसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. चार अंड्यांना सुमारें ४०० ग्रॅम खिमा पुरतो. अंडीं सात-आठ मिनिटांहून अधिक उकडूं नयेत. कारण तीं पुन्हां शिजावयाचीं असतात, आणि फार शिजलीं तर पांढऱ्यांतील गंधक व पिवळ्यांतील लोह यांच्या संयोगानें बलकाभोंवतीं हिरवट कडें धरतें. खिम्यांत मीठ घालून तो चांगला मळावा, म्हणजे तो चिकट होऊन एकजीव होतो. मटणाच्या खिम्यांत चरबी कमी असल्यास थोडें भाजलेल्या डाळ्यांचें पीठ घालावें, तें रस धरून ठेवतें. आंचेवर मांस आकसतें, पण आंतलें अंडें आकसत नाहीं. म्हणून आवरण सर्वत्र सारख्या जाडीचें नसेल तर तें उकलण्याचा संभव असतो. सोललेलें अंडें पुसून पिठांत घोळवलें, म्हणजे खिमा त्याला चांगला धरतो. वरून तेलाचा हात फिरवून २०० अंश सेल्सिअसच्या आंचेवर पंचवीस ते तीस मिनिटें भाजावें. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत वाळू तापवून, तींत ताटली ठेवून, वर घट्ट झांकण घालून काम भागतें. मात्र वेळ अधिक लागतो.

गाविलगड चढणाऱ्या शिपायाच्या शिदोरींत कोफ्ता घालण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. बहिरमच्या यात्रेंत गोवऱ्या रचणारा माणूस मात्र आजही प्रत्यक्ष दिसतो, आणि कोरड्या आंचेचें जें ज्ञान स्कॉच अंडें भाजणाऱ्या गृहिणीला हवें असतें, तें त्याच्या हातांत आहे. वऱ्हाडानें सांगावयाचें असेल तर तें हेंच सांगावें. त्याला कोणाच्या उसन्या वंशावळीची गरज नाहीं.