१८० बाय ५०ची खिडकी

जुन्या आलिशान गाडीत नवा स्टिरिओ बसवायचा म्हटलं की आवाजाच्या आधी एक प्रश्न येतो: गाडी कुठल्या सालातली?

१९५३ साली जर्मनीच्या बेकर कंपनीने 'मेक्सिको' नावाचा रेडिओ काढला. स्टेशन आपोआप शोधणारा! तेव्हा ही चैनच होती. पुढे डीआयएन या जर्मन मानक संस्थेने डॅशबोर्डातल्या रेडिओच्या जागेचं मापच ठरवून टाकलं: रुंदी १८० मिमी, उंची ५० मिमी. एवढंच. पण त्यामुळे एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसू लागला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ओपन इंटरफेस.

मग २००१ साली बीएमडब्ल्यूची नवी ७ सिरीज आली. तिच्यात रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, सीडी चेंजर वगैरे मंडळी 'मोस्ट' नावाच्या फायबर ऑप्टिक कड्यात हात धरून उभी. तारांचं जंजाळ कमी झालं, मान्य. पण मधला एक डबा नुसता काढून घेतला की कडं तुटतं, आणि सगळेच मुके!

आता गंमत बघा. २०२० साली पोर्शने आपल्या जुन्या गाड्यांसाठी टचस्क्रीन आणि अ‍ॅपल कारप्लेवाला स्टिरिओ आणला. त्यातला छोटा कुठल्या मापाचा? तोच, सिंगल डीआयएन. म्हणजे १९६०च्या दशकातल्या ९११ला आजचा फोन सहज जोडता येतो, आणि तिच्याहून कितीतरी तरुण गाडीत आधी कडं सांभाळावं लागतं.

गाडी कितीही महागडी असो, तिचं म्हातारपण असल्या साध्या मापांवर ठरतं.