क्षेत्र, पेठ आणि पॉइंट : महाबळेश्वरच्या नावांचे वाचन

एखाद्या गावाचा इतिहास शोधायचा तर आपण बखरी, सनदा आणि गॅझेटियरांकडे वळतो. ते योग्यच आहे. परंतु इतिहासाचे एक दफ्तर उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पाट्यांवर मांडलेले असते. हे दफ्तर म्हणजे स्थळनामे. महाबळेश्वर हे या दृष्टीने आपल्याकडील एक अत्यंत बोलके गाव आहे. दरवर्षी लाखो लोक तेथे जातात, घोड्यावर बसतात, स्ट्रॉबेरी खातात, सूर्यास्त पाहतात आणि परततात. आपल्या महाविद्यालयांच्या सहलीही जातात. या सहलींच्या वहीत मग एक वाक्य हमखास उतरते: ‘महाबळेश्वरचा शोध इंग्रजांनी लावला.’ या एका वाक्यातील क्रियापदाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की महाबळेश्वर या नावाखाली दोन गावे आहेत. एक क्षेत्र महाबळेश्वर, ज्याला आता ‘जुने महाबळेश्वर’ म्हटले जाते. आणि दुसरे त्यापासून सुमारे सहा किलोमीटरवरील बाजारपेठेचे, बंगल्यांचे आणि हॉटेलांचे गाव, ज्याचे कागदोपत्री नाव माल्कम पेठ. पर्यटक राहतो पेठेत आणि नाव घेतो क्षेत्राचे. पाहुण्याने यजमानाचे नाव लावावे, तसा हा प्रकार आहे.

क्षेत्राचे वय मोठे आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकात कृष्णेच्या उगमाशी लहानसे देऊळ आणि कुंड बांधल्याची नोंद १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. पुढे हा प्रदेश जावळीच्या मोऱ्यांकडे होता. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी महाराजांनी मातुःश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली, ती याच क्षेत्री. म्हणजे ज्या काळी पेठेचा मागमूसही नव्हता, त्या काळी या पठारावर यात्रा होत्या, दानधर्म होता आणि राजकारणही होते.

पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. पाचही प्रवाह एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतात. सरस्वती आणि भागीरथी या आणखी दोन नद्या ठरावीक वर्षांनीच प्रकटतात, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी भूगोल उरतोच, आणि तो काही कमी विस्मयकारक नाही. एकाच पठारावरचे पाणी पाठीला पाठ लावून दोन दिशांना निघते. सावित्री कडा उतरून कोकणात जाते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेकडे वळते, माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. या गावी पावसाची वार्षिक सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात आहे. त्या पावसाचा अर्थ ज्यांनी देवळाच्या रूपाने लिहून ठेवला, त्यांना हे पठार ‘सापडले’ नव्हते असे कोण म्हणेल?

आता पेठेकडे वळू. १८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतील पीटर लॉडविक हा अधिकारी रान तुडवीत एका सुळक्याच्या टोकाशी पोहोचला. पठाराची थंड हवा त्याने आपल्या देशबांधवांच्या ध्यानात आणून दिली. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी १८२६ मध्ये येथे घर बांधले आणि त्यांच्या सांगण्यावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर रस्ता करविला. १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झालेले सर जॉन माल्कम यांनी ही कल्पना उचलून धरली. हे माल्कम आपल्याला परके नाहीत. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती त्यांच्याच स्वाधीन होऊन. १८२९ मध्ये प्रतापसिंहांशी करार झाला. डोंगरावरील जागा कंपनी सरकारकडे आली आणि तिच्या बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव महाराजांना मिळाले. नव्या वसाहतीला नाव पडले माल्कम पेठ.

या नावाची घडण पाहण्यासारखी आहे. त्यातील पहिला शब्द इंग्रज, दुसरा मराठी. पेठ वसवावी आणि तिला कर्त्या पुरुषाचे नाव द्यावे, ही आपलीच रीत. पुण्याच्या सदाशिव, नारायण, नाना या पेठा त्या रीतीच्या साक्षीदार आहेत. तेव्हा हे नाव म्हणजे केवळ जेत्याने ठोकलेली खूण नव्हे. मराठी राज्यव्यवहाराच्या व्याकरणात एका परक्या माणसाला बसवून घेण्याचा तो एक प्रकार होता. त्यात सौजन्य होते, आणि स्वतःचे राज्य टिकेल असा विश्वासही असावा. तो विश्वास कसा फळला, हे इतिहासाला ठाऊक आहे. अवघ्या दहा वर्षांत, १८३९ मध्ये, प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. त्यांचे महाराज मात्र १८४७ मध्येच काशीला वारले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. ज्या घराण्याने रस्ता दिला, जागा दिली, त्याच घराण्याच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. आज त्या तलावात होड्या फिरतात आणि काठावर मक्याची कणसे भाजली जातात. बुडत्या राज्याची ही शेवटची लोकोपयोगी बांधकामे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पेठ वसली आणि ‘पॉइंट’ हा शब्द मराठीत आला. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, फॉकलंड, केट, विल्सन! साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबावे. ‘पॉइंट’ या शब्दात नुसते टोक नाही, एक दृष्टिकोन आहे. कड्यावर उभे राहून खालचा मुलूख न्याहाळणाऱ्याची ती जागा आहे. क्षेत्राला जाणारा यात्रेकरू ओंजळीत पाणी घेण्यासाठी वाकतो. पॉइंटवर जाणारा ताठ उभा राहून दूर पाहतो. या दोन देहस्थितींत दोन संस्कृती आहेत. त्यांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ, असे आम्हांस सुचवायचे नाही. निसर्ग निव्वळ पाहण्यासाठी पाहणे, हा आनंद आधुनिक मराठी मनाने याच कड्यांवर पुष्कळसा शिकून घेतला आहे. परंतु दुसरी दृष्टी आली म्हणून पहिली पुसली जाणे, ही हानी आहे.

ही पुसट झालेली अक्षरे अजून वाचता येतात. सर्वांत उंच अशा विल्सन पॉइंटचे (सुमारे १,४३९ मीटर) जुने नाव सिंदोळा. ‘सॅडलबॅक’ म्हणून जो जोडशिखरी डोंगर दाखवतात, तो आपला मकरंदगड. लॉडविकच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला गेला. पण त्या सुळक्याला लोक ‘हत्तीचा माथा’ म्हणतात, कारण तो तसा दिसतो. सत्तेने व्यक्तीचे नाव दिले आणि लोकांनी आकाराचे. आर्थर सीट हे नाव तेथे प्रथम घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेटवरून पडले. मॅलेटची पत्नी आणि मूल सावित्रीत बुडाले व तो इथे बसून नदीकडे पाहत राही, ही कथा वाटाडे रंगवून सांगतात. ती खरी की खोटी, हा प्रश्न गौण आहे. साहेबाच्या नावालाही स्थानिक कथनाने शोकाची जोड दिली आणि त्याला माणसांत आणले, हे महत्त्वाचे. त्याच टोकाचे ‘मढी महाल’ हे देशी नाव मात्र कथेविना पोरके झाले.

काही माणसांची तर नावेही उरली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. हिंदुस्थानातील कैदी पिनांग-सिंगापूरकडे धाडायचे आणि तिकडचे इकडे आणायचे, अशी ती व्यवस्था. या कैद्यांनी ओढ्याकाठी मळे केले, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या आणि साहेबांच्या मेजावर पोहोचवल्या. तो तुरुंग १८६४ च्या सुमारास उठला. आज ‘चायनामन’ नावाच्या धबधब्याखेरीज त्यांची दुसरी खूण नाही. तीच गत धावडांची. या डोंगरात दगडापासून लोखंड गाळणारा हा समाज; जंगलाचे निर्बंध आले, कोळसा मिळेनासा झाला आणि भट्ट्या विझल्या. त्यांच्या नावाचा एकही पॉइंट नाही.

मग ‘शोध’ या शब्दाचे काय? लॉडविकच्या स्मारकाचा दावा तसा मर्यादित आहे. या डोंगरावर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय, एवढेच त्यात म्हटले आहे. ‘युरोपीय’ हे विशेषण गाळले ते आपण, आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीने आणि सहलीच्या वहीने. वसाहतवादाची ही सर्वांत सूक्ष्म कामगिरी म्हणावी लागेल: जेत्याने जो दावा केला नाही, तोही जिताने त्याच्या पदरात घालावा.

यावर पाट्या बदलणे हा सोपा उपाय सुचतो. आमच्या मते तो अपुरा आहे. विल्सनचे नाव काढून सिंदोळा लिहिले, तर इतिहासाचा एक थर दिसेल आणि दुसरा झाकला जाईल. माल्कम पेठ हे नाव पुसले, तर प्रतापसिंहांचा विश्वास आणि त्यांची फसवणूक, दोन्ही पुसले जातील. हवी आहेत ती दोन्ही नावे, शेजारी शेजारी. जुन्या पोथीत मूळ संहिता आणि समासातील टीप एकत्र वाचावी लागते, तसे हे गाव वाचावे लागेल.

अध्यापकांनी सहल नेताना क्रम तेवढा बदलावा. आरंभ पेठेतून न करता क्षेत्रातून करावा. गोमुखाशी नद्यांची नावे घ्यावीत आणि मगच आर्थर सीटला जावे. तेथे डावीकडे सावित्रीचे खोल, उघडेबोडके खोरे आणि उजवीकडे जोरचे हिरवे खोरे दिसते. नुकतेच ओंजळीत घेतलेले पाणी कुठे जाते, हे तेथे डोळ्यांना कळते. पुढे प्रतापगडावरून याच कड्यांकडे खालून पाहावे. ज्याला वरून ‘देखावा’ म्हणतात, तीच खालून जावळीची तटबंदी वाटते. परतीच्या वाटेवर पाचगणीजवळच्या भिलारला थांबावे. ४ मे २०१७ पासून हे ‘पुस्तकांचे गाव’ आहे. घराघरांत मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही बसून वाचावे अशी सोय आहे. या डोंगराने अलीकडे स्वतःला दिलेले हे नाव कोणा अधिकाऱ्याचे नाही आणि कोणा राजाचेही नाही. ते वाचण्याच्या क्रियेचे आहे.

२००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केला. झाडे, झरे आणि कडे राखण्यासाठी असा कायदा असतो. नावे राखणारा कायदा नसतो. ती राखतात ती बोलणारी माणसे, आणि त्यांत भाषेच्या अध्यापकांचा क्रमांक पहिला लागावा. पुढच्या सहलीच्या वहीत ‘शोध लावला’ हे वाक्य आले, तर ते तांबड्या शाईने खोडू नये. त्यात वगळलेला शब्द विद्यार्थ्यालाच शोधायला सांगावा.