गोचीड, गोल्फ कोर्स आणि शेणकिडे

आमच्या सोनपेठकडे जनावराला गोचीड झाले की हाताने वेचत बसायला आता कुणाला वेळ नाही. कातडीखाली एक इंजेक्शन, विषय संपला. बऱ्याचदा ते असतं आयव्हरमेक्टिन. हो, तेच, कोविडच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर गाजलेलं!

याचा इतिहास मोठा गमतीशीर आहे. 1970च्या दशकात जपानच्या सातोशी ओमुरांनी कावाना इथल्या एका गोल्फ कोर्सजवळची माती उचलली. त्या मातीतल्या जिवाणूपासून अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल आणि मंडळींनी औषध काढलं. 1981 मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. जंत, उवा, खरूज, सगळं एकाच सुईत. 2015 मध्ये दोघांना नोबेलही मिळालं.

पण मला खरं खिळवून ठेवतं ते 1987 हे साल. त्या वर्षी मर्कने हेच औषध काळ्या माशीच्या चाव्यातून येणाऱ्या अंधत्वावर फुकट द्यायचं जाहीर केलं. आफ्रिकेत असंख्य लोकांचे डोळे वाचले. आणि त्याच वर्षी वॉल आणि स्ट्राँग या ब्रिटनमधल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये छापलं की औषध दिलेल्या वासरांच्या शेणाचे पो नेहमीसारखे कुजत नाहीत, तसेच पडून राहतात.

कारण साधं आहे. औषधाचा बराचसा भाग न बदलता शेणातून बाहेर पडतो आणि तिथल्या किड्यांना लुळं करतो. मोठे भुंगे पुष्कळदा तगतात, पण त्यांच्या अळ्या मरतात. सुई टोचल्यावर काही आठवडे हे चालू राहतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे शेण रानात उरतंच कुठे? गोवऱ्या होतात, नाहीतर उकिरडा. खरंय, पण गायरानात चरणाऱ्या लाल कंधारीच्या मागे टोपली घेऊन कोण फिरतं? तिथलं शेण जमिनीत गाडायचं काम शेणकिडेच करतात, तेही बिनपगारी. ऑस्ट्रेलियातल्या किड्यांना गाईचं शेण झेपेना, तेव्हा 1960च्या दशकापासून सरकारी संस्थेला बाहेरचे शेणकिडे आणून सोडावे लागले होते!

डायक्लोफेनॅकने गिधाडं संपत आली तेव्हा 2006 मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाड निदान दिसतं तरी. शेणकिडे कोण मोजतो? असो. मला बंदी नकोय, गोचीड रक्त पितात आणि रोगही पसरवतात. पण जंतांसाठी सरसकट सगळ्या गोठ्याला टोचण्याआधी शेण तपासून घ्यावं. आणि टोचलेलं जनावर काही आठवडे गायरानात न सोडता गोठ्यातच बांधावं, निदान पावसाळ्यात तरी.