एका प्रणालीचे चित्र दुसऱ्या प्रणालीच्या पडद्यावर : लिनक्सवरील विंडोज खेळांच्या दृश्यदोषांचा व त्यांच्या निवारणाचा इतिहास (१९९३ ते २०२५)
(विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

प्रस्तावना

विंडोज प्रणालीसाठी तयार केलेला खेळ लिनक्स प्रणालीवर सुरू करताना पडदा काळा होणे, चित्र पडद्याच्या एका कोपऱ्यात आक्रसून बसणे, रंग विपरीत दिसणे, भिंती व चेहरे पांढरे पडणे, खेळ बंद झाल्यावरही पडद्याचे माप पूर्ववत न होणे असे दोष गेली तीन दशके वापरकर्त्यांच्या अनुभवास येत आहेत. खेळ हा विषयच गौण मानला जात असल्यामुळे या दोषांकडेही किरकोळ अडचणी म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यांच्या मुळाशी तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. एका कारखान्याने आपल्या यंत्रासाठी घडविलेली वस्तू दुसऱ्याच्या यंत्रावर चालवायची असेल, तर त्या दोहोंमधील सांधा कोणी घडवायचा आणि तो घडविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात या दोषांच्या कारणांचा व निवारणाच्या पद्धतींचा कालक्रमानुसार आढावा घेतला असून, पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात त्यांचे महत्त्व तपासले आहे.

औद्योगिक पट्ट्याची पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांचे रूप पालटले. टेल्कोच्या पुणे विभागाची उभारणी १९६६ मध्ये झाली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. पुढे हा पट्टा उत्तरेस चाकणपर्यंत विस्तारला. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला.

परक्या आराखड्याची वस्तू आपल्या यंत्रावर घडविणे आणि कालांतराने आराखडाही आपलाच करणे, हा या पट्ट्यातील उद्योगांचा जुना अनुभव आहे. टेल्कोचा डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी १९५४ मध्ये झालेला सहकार्य करार १९६९ मध्ये संपला व त्यानंतर कंपनी स्वतःच्या बळावर मालमोटारी बनवू लागली. बजाज कंपनी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवीत असे. तो परवाना १९७१ मध्ये संपुष्टात आला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. परवाना संपला तरी रस्ता, पेट्रोल आणि चालक तेच होते, त्यामुळे नव्या गाडीला त्यांच्याशी जुळवून घेणे भागच होते. संगणकाच्या क्षेत्रात हेच काम निराळ्या स्वरूपात पुढे आले.

या भागात लिनक्सचा प्रवेश मुख्यत्वे अभियांत्रिकी शिक्षणाच्या मार्गाने झाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१५ च्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळांसाठी ६४-बिट मुक्तस्रोत लिनक्स अथवा तिच्यापासून निघालेल्या प्रणालीची शिफारस आढळते. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये निगडी, आकुर्डी या परिसरातही आहेत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी एकच संगणक असे, त्याच्यापुढे अभ्यासाची प्रणाली एक आणि खेळांची प्रणाली दुसरी, असा पेच उभा राहणे स्वाभाविक होते.

वाइन : अनुकरण नव्हे, अनुवाद

या पेचावरील उत्तराचा प्रारंभ १९९३ मध्ये झाला. बॉब ॲमस्टॅट व एरिक यंगडेल यांनी त्या वर्षी ‘वाइन’ हा प्रकल्प हाती घेतला. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आली. वाइन विंडोज प्रणालीची नक्कल उतरवीत नाही. खेळ विंडोजकडे ज्या मागण्या करतो, त्याच मागण्या वाइन ऐकते व लिनक्सला कळतील अशा शब्दांत पुढे पाठविते. वाइन हा त्या अर्थी दुभाषा होय. मूळ कंपनीची आज्ञावली न वापरता तिचे वर्तन बाहेरून अभ्यासून ही रचना उभी करण्यात आली. आवृत्ती १.० प्रसिद्ध होण्यास जून २००८ उजाडले, म्हणजे आरंभापासून १५ वर्षे लागली.

भारतीय कायद्याच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे. प्रताधिकार कायद्यात १९९९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, स्वतंत्रपणे तयार केलेली आज्ञावली इतर आज्ञावल्यांशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक असलेली व अन्यथा सहज उपलब्ध नसलेली माहिती मिळविणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरत नाही. सांधा घडविण्याच्या अधिकाराला अशा प्रकारे मर्यादित स्वरूपात मान्यता मिळाली.

पहिला टप्पा : पडद्याचे माप व रंगांची खोली (१९९३ ते २००३)

आरंभीच्या काळातील दृश्यदोषांचे मूळ दोन प्रणालींच्या भिन्न तत्त्वांत होते. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स ही व्यवस्था आणली. तिच्यामुळे खेळाला संपूर्ण पडद्याचा ताबा घेता येई आणि त्याचे माप व रंगसंख्याही बदलता येई. लिनक्सवर चित्र दाखविण्याचे काम ‘एक्स’ या व्यवस्थेकडे होते. तिचा जन्म १९८४ मध्ये एमआयटी या अमेरिकन संस्थेत झाला व अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. आज्ञावली एका यंत्रावर चालावी आणि तिचे चित्र दुसऱ्या यंत्रावर उमटावे, अशी तिची मूळ कल्पना होती. कोणती खिडकी कोठे व केवढी असावी हे तेथे खिडक्यांचा स्वतंत्र व्यवस्थापक ठरवितो. खेळ पडद्याला हुकूम सोडे, परंतु पडद्यावर त्याची एकट्याची सत्ता नव्हती.

त्या काळातील अनेक खेळ ६४० गुणिले ४८० ठिपके व २५६ रंग या मापात बनविलेले असत. एक्स व्यवस्थेत रंगांची खोली आरंभीच निश्चित होई व ती चालू स्थितीत बदलता येत नसे. परिणामी २५६ रंगांच्या तक्त्याचे रूपांतर वाइनला स्वतः करावे लागे. त्यात खेळाचा वेग मंदावे किंवा रंग बिघडत. पडद्याचे मापही संरचना-फाइलमध्ये आधी नोंदविलेले असेल तरच उपलब्ध होई. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरसाठी त्या फाइलमध्ये वारंवारितेचे आकडे हाताने भरावे लागत आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा मार्गदर्शक पुस्तिकांत दिलेला असे.

हे दोष केवळ लिनक्सवरच उद्भवत होते असे नाही. १९९९ मधील ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ विंडोज ७ वर चालविताना त्याच्या रंगांचा तक्ता बिघडे, गवत व पाणी भलत्याच रंगांत दिसे. स्वतःच्या जुन्या वस्तूशी असलेला सांधा मूळ कंपनीच्याही हातून निसटू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

२००३ मध्ये एक्सफ्री८६ च्या ४.३ आवृत्तीत ‘रँडआर’ ही सोय आली आणि पडद्याचे माप चालू स्थितीत बदलणे सुकर झाले. खेळ मध्येच कोसळल्यास पडदा लहान मापात अडकून राही. तो ‘एक्सरँडआर’ या आज्ञेने पूर्ववत करता येऊ लागला.

दुसरा टप्पा : त्रिमिती चित्र, ड्रायव्हर व एकस्व (२००३ ते २०१७)

त्रिमिती खेळांचा प्रसार झाला तसे दोषांचे स्वरूप बदलले. विंडोजवरील डायरेक्ट३डी व लिनक्सवरील ओपनजीएल या चित्रभाषांचे संकेत वेगळे आहेत. एकीत खिडकीचा आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात, तर दुसरीत खालच्या डाव्या कोपऱ्यात मानला जातो. खोली मोजण्याची मर्यादा एकीत ० ते १, तर दुसरीत उणे १ ते १ अशी आहे. डायरेक्ट३डीच्या नवव्या आवृत्तीपर्यंत ठिपक्याचे केंद्र अर्ध्या ठिपक्याने सरकलेले होते. अनुवादात यांपैकी एक गोष्ट जरी सुटली, तरी चित्र उलटे होई, वस्तू एकमेकींतून आरपार दिसत किंवा अक्षरे धूसर होत.

काही दोषांचे कारण तांत्रिक नव्हते, कायदेशीर होते. खेळांतील पृष्ठचित्रे दाबून साठविण्याच्या ‘एस३टीसी’ या पद्धतीवर अमेरिकेत एकस्व (पेटंट) होते. त्यामुळे लिनक्सच्या ‘मेसा’ या मुक्त चित्रसंचात ती पद्धत समाविष्ट करता आली नाही. ती वेगळ्या संचातून जोडावी लागे. ज्यांना हे ठाऊक नसे, त्यांच्या पडद्यावर पृष्ठभाग कोरे राहत किंवा खेळ सुरूच होत नसे. एकस्वाची मुदत ऑक्टोबर २०१७ मध्ये संपली व त्याच महिन्यात ती पद्धत मेसामध्ये दाखल झाली. एका रात्रीत दूर झालेला हा दोष वास्तविक अनेक वर्षांपूर्वीच सोडविण्याजोगा होता. भारतात २००२ च्या दुरुस्तीनंतर ‘केवळ संगणक आज्ञावली’ व ‘गणनविधी’ यांना एकस्व मिळत नाही. तरीही मूळ संच परदेशी कायद्याच्या मर्यादेत तयार होत असल्याने येथील वापरकर्त्यालाही त्या मर्यादेचा भार सोसावा लागला.

तिसरे कारण चित्रकार्डांच्या ड्रायव्हरचे होते. एएमडी कंपनीने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे जाहीर केले. एनव्हिडियाने दीर्घकाळ बंदिस्त ड्रायव्हरच दिला व मे २०२२ मध्ये त्याचा प्रणालीगर्भाशी जोडणारा भाग खुला केला. २०१० पासून लॅपटॉपमध्ये दोन चित्रकार्डे असण्याची ‘ऑप्टिमस’ रचना रूढ झाली. त्यानंतर खेळ दुर्बळ कार्डावरच चालणे किंवा पडदा काळा राहणे हा नवा त्रास उद्भवला.

तिसरा टप्पा : अनुवादाचे स्थैर्य (२०१८ नंतर)

२०१६ मध्ये व्हल्कन ही नवी चित्रभाषा आली. तिच्या आधारे फिलिप रेबोले यांनी डायरेक्ट३डीचा अनुवाद करणारा ‘डीएक्सव्हीके’ हा संच विकसित केला. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन व डीएक्सव्हीके यांवर आधारित ‘प्रोटॉन’ सादर केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातातील खेळयंत्र बाजारात आणले. पूर्वी वापरकर्त्याला हाताने करावी लागणारी जुळवणी आता आधीच करून मिळू लागली.

याच काळात एक्सची जागा वेलँड ही व्यवस्था घेत होती. तिचा आरंभ २००८ मध्ये झाला होता. तिच्यात आज्ञावलीला पडद्याचे माप थेट बदलता येत नाही. जानेवारी २०२५ च्या वाइन १०.० मध्ये पडद्याचे माप बदलल्याचा केवळ आभास खेळाला देण्याची प्रायोगिक सोय आली. खेळाला ६४० गुणिले ४८० चा पडदा मिळाल्याचे वाटते, प्रत्यक्षात पडदा आपल्या मूळ मापातच राहतो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या संघर्षाची ही तडजोड म्हणता येईल.

दोषनिवारणाची रीत

या इतिहासातून निवारणाची एक सुसंगत रीत हाती येते. कारखान्यात यंत्राची नवी मांडणी केल्यावर पहिला नग तपासल्याखेरीज पुढचे काम सुरू होत नाही. येथेही तोच क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम लिनक्सचा स्वतःचा एखादा त्रिमिती कार्यक्रम नीट चालतो का ते पाहावे. तो चालत नसेल तर दोष वाइनचा नाही, ड्रायव्हरचा आहे. नंतर ‘जीएलएक्सइन्फो’ या आज्ञेने चित्र कोणते कार्ड रेखाटत आहे ते तपासावे. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसल्यास चित्रकार्ड वापरातच नसून सारा भार मुख्य प्रक्रियकावर आहे असे समजावे. जुने खेळ बहुधा ३२-बिट असतात, म्हणून ६४-बिट प्रणालीवर ३२-बिट चित्रसंच उपस्थित आहेत का हे तिसऱ्या पायरीवर पाहावे. माप किंवा कोपऱ्यात बसणाऱ्या चित्राचा दोष असेल, तर वाइनच्या संरचनेतील ‘आभासी डेस्कटॉप’ चालू करावा, म्हणजे खेळ स्वतंत्र चौकटीत राहतो व मूळ पडद्याला हात लागत नाही. प्रत्येक खेळासाठी वाइनचे स्वतंत्र दालन ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी. एकाच वेळी चार बदल केल्यास दोष जातो, पण कारण कळत नाही आणि तोच दोष पुढच्या खेळात पुन्हा उभा राहतो.

या रीतीला मर्यादाही आहेत. काही स्पर्धात्मक खेळांतील फसवणूकविरोधी व्यवस्था लिनक्सला मुळातच प्रवेश देत नाही. तेथे चित्र दुरुस्त करून उपयोग होत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, ज्या दोषांना ‘लिनक्सचे दोष’ म्हटले गेले त्यांपैकी बहुतेक दोन प्रणालींमधील सांध्याचे दोष होते. दुसरी, त्यांतील काहींचे कारण ज्ञानाचा अभाव हे नसून ज्ञानावरील मालकी हे होते. तिसरी, निवारणाचे काम वापरकर्त्याच्या हातून हळूहळू तयार संचांकडे गेले. त्यामुळे सुलभता वाढली, परंतु कारण शोधण्याची सवय क्षीण होण्याचा धोकाही निर्माण झाला.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाली. विंडोज ११ साठी आवश्यक सुरक्षा-चिप व नवा प्रक्रियक नसलेले अनेक संगणक, सुस्थितीत असूनही, त्या प्रणालीच्या कक्षेबाहेर राहिले. भोसरी किंवा चाकण येथील ज्या घरात असा एकच संगणक आहे, तेथे अभ्यास व खेळ ही दोन्ही कामे लिनक्सवर होऊ शकतात किंवा नाही, हा खर्चाचा प्रश्न आहे. काळ्या पडद्याचे कारण शोधता येणारा विद्यार्थी तो संगणक आणखी काही वर्षे कामात ठेवू शकतो. सुटा भाग जुळत नाही म्हणून संपूर्ण यंत्र मोडीत काढावयाचे नसते, हे या पट्ट्यातील कामगारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्या पुढच्या पिढीने हेच ज्ञान संगणकाच्या बाबतीत आत्मसात करणे अगत्याचे आहे.