प्रयाणसाधना

अंतकाळी चित्त शांत व ईश्वराभिमुख राहावे म्हणून आयुष्यभर करावयाचा अभ्यास. या विचाराचे मूळ भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायात आहे. शेवटच्या क्षणी ज्याचे स्मरण होते तीच गती माणसाला मिळते, असे तेथे सांगितले आहे. विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी गीता प्रवचनांत या अध्यायाचा विषय ‘प्रयाणसाधना’ म्हणून मांडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी होणारी ही प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली.

विनोबांच्या मते शेवटची आठवण ऐनवेळी जुळवून आणता येत नाही. आयुष्यातील बहुतेक घडामोडी विसरल्या जातात, त्यांचे संस्कार तेवढे मागे उरतात. त्यांपैकी जो सर्वांत बळकट, तोच मरणसमयी वर येतो. म्हणून तयारी रोजच्या कर्मातच करायची. गीताही त्याच अध्यायात अर्जुनाला स्मरण ठेवून लढायला सांगते. या साधनेत कर्मत्याग नाही.

मरणाच्या स्मरणाचा परिणाम दाखवण्यासाठी विनोबांनी एकनाथांची गोष्ट दिली आहे. तुमचे जीवन इतके निर्मळ कसे, असे एका गृहस्थाने विचारले. नाथांनी उत्तर बाजूला ठेवून, सात दिवसांत तुझे मरण आहे, असे सांगितले. गृहस्थाने घरी जाऊन निरवानिरव केली व अंथरूण धरले. मुदत भरताच नाथ आले आणि या दिवसांत पापाचे विचार किती आले, असे त्यांनी विचारले. त्याला तेवढी सवडच झाली नव्हती.

पाश्चात्त्य परंपरेत प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात तत्त्वज्ञान हा मरणाचाच अभ्यास मानला आहे. फ्रेंच निबंधकार माँतेन याने आधी हाच विचार उचलून धरला. पुढे मात्र, प्लेगच्या साथीत साधे शेतकरी कसलीही पूर्वतयारी नसता धीराने मरतात, हे पाहून त्याने अशा तयारीच्या अतिरेकावर टीका केली. विनोबांची साधना या आक्षेपातून बरीचशी सुटते, कारण तिचा भर मरणाच्या चिंतेपेक्षा रोजच्या आचरणावर आहे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी पवनार आश्रमात अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले. १५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. या प्रायोपवेशनामुळे स्वेच्छामरणाची चर्चा झाली. तथापि प्रायोपवेशन हे प्रयाणसाधनेचे आवश्यक अंग नाही. अचानक मरण येणाऱ्यालाही ती तितकीच लागू पडते.