सर्पदंश, अग्नि आणि मूत्रावरोध

जुन्या वैद्यकाची थोरवी गाणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यास हंसणारेहि तितकेच. या दोघांनाहि विचार करावयास लावील असा एक विषय म्हणजे सर्पदंशावरील चिनी अग्निचिकित्सा.

दवण्याच्या कुळांतील एका वनस्पतीचीं वाळलेलीं पानें कुटून त्यांची मऊ गोळी करावयाची व ती त्वचेवर ठेवून पेटवावयाची, हें या चिकित्सेचें मूळ रूप. हुनान प्रांतांतील मावांगडुई येथें १९७३ सालीं एक थडगें उघडण्यांत आलें. तें इ. स. पूर्व १६८ मध्यें बंद झालेलें होतें. त्यांत ५२ व्याधींवरील उपायांचा, रेशमावर लिहिलेला ग्रंथ सांपडला. सर्पदंश व लघवीचा अवरोध यांवर तेथें स्वतंत्र प्रकरणें आहेत. अवरोध झाल्यास डाव्या पायाच्या मधल्या बोटावर डाग द्यावा, असें त्यांत सांगितलें आहे. पुढें चौथ्या शतकांत गे होंग यानें, विष पसरूं नये म्हणून, दंशाच्या जागींच तीन ते पांच गोळ्या त्वरित जाळण्याचा उपदेश केला. सातव्या शतकांत सुन सिम्याव यानें तर कांद्याच्या पातीची नळी मूत्रमार्गांत घालून, तींत फुंकून, लघवी मोकळी करण्याची रीत लिहून ठेविली.

या दोन व्याधींचा संबंध चिनी सर्पवैद्यांनीं एका वचनांत सांगितला आहे. सर्पदष्टाचें मलमूत्र कोंडलें कीं विष आंत वळलें असें समजावें, हा त्याचा आशय. म्हणून बेंबींत मीठ भरून त्यावर गोळी जाळावयाची, ओटीपोट शेकावयाचें.

आतां आजच्या ज्ञानानें पाहूं. मण्यारीच्या जातीच्या सर्पाचें विष मज्जातंतूंवर आघात करतें. तेव्हां मूत्राशय भरलेलें असूनहि रितें होत नाहीं. घोणशीच्या विषानें मात्र मूत्रपिंडेंच निकामी होतात. तेथें मूत्राशयांत कांहीं सांचतच नाहीं. पहिल्या रुग्णास शेकानें क्वचित् आराम वाटेल, दुसऱ्यास मुळींच नाहीं. आणि विष तर दोहोंतहि तसेंच राहतें. दंशावर डाग दिल्यानें जखम वाढते व मोलाचा वेळ जातो. विषावरील खरा उपाय म्हणजे प्रतिविषाची लस. तिचें तत्त्व फिसालिक्स, बेर्त्रां व काल्मेत यांनीं १८९४ सालीं पॅरिस येथें सिद्ध केलें.

मग त्या वैद्यांचें सारेंच चुकलें काय? नाहीं. त्यांचा उपाय अपुरा होता, परंतु लघवीकडे लक्ष ठेवा हा त्यांचा इशारा खरा होता. आजहि सर्पदष्टाच्या लघवीचें माप रुग्णालयांत टिपून ठेवितात, आणि अडल्यास नळीच घालतात. मात्र ती आतां कांद्याच्या पातीची नसते.